पोटातून निघालं सोयाबीन

केनवडच्या बाजारात त्या दिवशी कांदे-मिरच्या तशाच पडून होत्या. विकणारे आणि घेणारे सगळे खडेबाबांच्या मांडवात घुसले होते. बाबा मुतखडा तोंडाने ओढून काढत. सुरी नाही, टाका नाही, रक्ताचा थेंब नाही. रोग्याच्या कुशीला ओठ लावायचे, जोरात चोखायचं आणि पितळी ताटात थुंकायचं. टण्ण! खडा वाजला की सगळा मांडव जयजयकार करी.

"डॉक्टर मशीन लावते, म्या मंत्र लावतो!" बाबा माइकवर गरजत होते. "मशीनले लाइट लागते. मंत्राले लागते का?"

"नाई लागत!" लोक ओरडले. दिवसातून चारदा लाइट जाणाऱ्या गावाला हे शास्त्र चटकन पटलं.

रांगेत सातवी ललिता उभी होती. तिच्या मागे दातओठ खात तिचा नवरा, जादूगार आर. किसन. म्हणजे आपला रामकिसनच. ललिताच्या किडनीत खडा अडकला होता आणि किडनीला सूज होती. वाशीमच्या डॉक्टरांनी खडा काढायला उद्याची तारीख दिली होती, आणखी थांबलात तर किडनी जाईल असं बजावून. पण बाबा आज चोखून खडा काढणार, मग उद्या दवाखान्यात कशाला जायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"अवं, तो हातचलाखी करून राह्यला," रामकिसनने घरून निघताना शंभरदा सांगितलं होतं. "वीस वर्सं म्या तेच करतो."

"तुमचं खोटंच असते. तुमीच तं स्टेजवर सांगता. बाबा कवा सांगते का?"

बोलली ते खरंच होतं. प्रत्येक खेळाच्या सुरुवातीला तो इमानदारीने सांगायचा, यात मंत्र नाही, हाताची सफाई आहे. त्या इमानदारीचं हे बक्षीस!

तसे त्याचेही बरे दिवस होते. आसेगावच्या शाळेत खेळ संपल्यावर पोरी त्याच्या रिकाम्या पेटीत पुन्हापुन्हा डोकावत राहिल्या होत्या. आता पोरं मोबाइलवर युक्ती पाहूनच येतात आणि भर खेळात ती ओरडून सांगतात. लग्नवाले म्हणतात, डीजे येईस्तोवर चालवा तुमचं. आणि इथे हा बाबा! उभ्या आयुष्यात एकच युक्ती शिकलेला, तीही कच्ची, आणि समोर हजार माणूस. रामकिसनला राग आला होता, हेवाही वाटत होता, आणि हेवा वाटतो याचा आणखी राग येत होता.

लोक रोग्याच्या पोटाकडे बघत होते, तो बाबाच्या तोंडाकडे. दर रोग्याआधी बाबा गमछ्याने तोंड पुसे. आणि एरवी क्षणभर गप्प न बसणारा हा गडी त्यानंतर एक शब्द बोलत नसे.

"बाबा, आंधी तोंड उघडून दाखवा!" रामकिसन ओरडला.

"ज्याचा धंदाच खोटा, त्याले जग खोटं दिसते!" बाबा म्हणाले. मांडव खदखदून हसला. म्हातारे उकंडराव उठले. सकाळीच त्यांचे दोन खडे निघाले होते. "चूप बस रे जादूगारा. मले आराम पडला ना!" ललितानेही त्याच्याकडे पाठ फिरवली.

तेव्हा मात्र रामकिसनचं डोकं फिरलं. शेजारच्या धान्यवाल्याच्या पोत्यातून त्याने चिमूटभर सोयाबीन उचललं आणि तरातरा स्टेजवर चढला. "उकंडराव, तुमच्या पोटात अजून माल हाये. झोपा!"

खिशातल्या दस्तीने, म्हणजे रुमालाने, तोंड पुसलं, म्हाताऱ्याच्या कुशीला ओठ लावले, चोखलं, थुंकलं. ताटात सोयाबीनचा दाणा! मग दुसरा! रामकिसन वर बघून थांबला. आता हसतील, आता कळेल.

कोणी हसलं नाही.

"माय व!" रांगेतल्या कस्तुराबाईने हात जोडले. "रामकिसनच्या बी अंगात आलं!"

"सारी जिंदगी सोयाबीनच्या वावरात गेली," उकंडराव पोटावर हात फिरवत म्हणाले. "पोटात उगवलं असन."

रांग वळली आणि त्याच्याकडे लोटली. कस्तुराबाईने पोट फुगलेला नातू त्याच्या पायावर घातला. बाबा कानाशी कुजबुजले, "दादा, दोघं मिळून करू." वीस वर्षांत असे डोळे त्याच्याकडे कोणी लावले नव्हते. खोटं कशाला बोला, एक क्षण त्याला गोड वाटलं.

मग त्याला ललिता दिसली. कुशीवरचा पदर बाजूला करून, हात जोडून, ती आपल्याच नवऱ्यापुढे उभी होती.

"हात खाली कर, लले!" त्याने माइक हिसकावला. गालात बोट घालून उरलेले दोन दाणे सगळ्यांदेखत काढले. "पाहा! दस्तीतून गालात, गालातून ताटात. पोटाचा काई संबंध नाई! आता याचा गमछा झटका."

बाबा गमछा छातीशी धरून मागे सरकले. उकंडरावांनीच तो ओढला. गाठ सुटली आणि रस्त्यावरची गिट्टी ताटात खणखणली.

"पन मले आराम पडला तो?" उकंडराव रडवेले झाले.

"खड्याची कळ येते न जाते. दवाखान्याची गोळी घेतली होती का?"

"घेतली होती सकायी."

"मंग झालं! अन् खडा हाये तिथंच हाये."

ललिताचा चेहरा उतरला. "माह्या बी?"

"तुह्या बी. उद्या दवाखान्यात निघन."

बाबा गर्दीतून सटकले, तरी निम्मी रांग हलेना. कुणी तरी म्हणालं, बाबाचं खोटं निघालं, पण रामकिसनचं खरं असू शकते. रामकिसनने कपाळाला हात लावला.

"अरे, कोनावरच असा भरोसा ठेवू नका! माह्यावर बी नाई!" तो अक्षरशः किंचाळला. "जो म्हनते पोटातून काढलं, त्याचं तोंड आंधी पाहा. डॉक्टर फोटो काढून दाखवते, मंग खडा काढते, मंग पुन्हा फोटो दाखवते. जो दाखवत नाई, त्याले इचारा. इचारल्यावर जो चिडते, त्याच्या दारात पाय ठेवू नका!"

ललिता स्टेजवर चढली. तिने मोबाइलची बत्ती लावली आणि नवऱ्याला म्हणाली, "आ करा." मग रांगेकडे वळली. "या व माय, एकेक जन पाहून जा."

रामकिसन जबडा दुखेस्तोवर आ वासून उभा राहिला. कस्तुराबाईने डोकं वाकवून वरून, खालून, दोन्ही गालांत बघितलं.

"काईच नाई वं यात, मंत्र बी नाई," ती म्हणाली. नातवाला तिने कडेवर घेतलं. "उद्या तुमच्या संगं याले बी नेतो दवाखान्यात."