डोरीनबाईंची शिवी

मी एक जुनी, काळ्या पत्र्याची मतपेटी आहे. हल्ली माझा मुक्काम रुग्णालयात असतो. मित्रांनो, पेटी आजारी कशी पडली, असे विचारू नका. सगळे ऐका, म्हणजे कळेल.

विलायतेत डरहॅम परगण्यातल्या थॉर्नबेक या कोळशाच्या गावी मी आले, तेव्हा माझा रंग चकचकीत होता. मतदानाच्या सकाळी मला उघडून रिकामी दाखवत, मग सील लावत. खाणकामगार पाळी संपवून येत आणि दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने आपल्या पक्षापुढे फुली मारत. बाप मारी तिथेच लेक मारी. 'थॉर्नबेकात गाढवाच्या छातीला आपल्या पक्षाची फीत लावली, तरी ते पार्लमेंटात जाईल,' असे लोक हसत म्हणत. तेव्हा मलाही हसू येई.

पुढे खाण बंद पडली. गावाला उरले एक छोटे रुग्णालय. डोरीन हेपल यांचा नवरा स्टॅन, खाणीच्या धुळीने छाती भरलेला, तिथेच श्वास मिळवायला जाई. ते रुग्णालय वाचवण्याचे वचन देऊन पक्षाचे रॅडलीसाहेब निवडून गेले. मग पार्लमेंटात छोटी रुग्णालये बंद करण्याचा कायदा आला. मतदानाची घंटा वाजली, पक्षाच्या प्रतोदाने डोळे वटारले आणि साहेब मुकाट कायद्याला 'हो' म्हणणाऱ्यांच्या दालनात शिरले.

रुग्णालयाला कुलूप लागण्याआधीच निवडणूक आली. तिथली नर्स ऑड्री स्वतंत्र उभी राहिली. ती जिंकली, तर सरकार कचरणार होते.

मतदानाच्या दिवशी डोरीनबाईंनी कुत्रा केंद्राच्या दाराशी बांधला आणि त्या आत आल्या.

"स्टॅनकाका कसे आहेत?" केंद्रावरच्या नॉर्मनने विचारले.

"कसले कसे? दवाखाना गेला तर दोन बस बदलून शहर गाठायचं. स्टॉपपर्यंत तरी पोचेल का रे तो?" बाई म्हणाल्या. "ऑड्री पोर गुणाची आहे. पण माझ्या बापाने जन्मभर एकाच जागी फुली मारली. माझा हात दुसरीकडे वळायचा नाही. त्या रॅडलीला मात्र आज सुनावणार आहे!"

"शू! इथे बोलायचं नसतं, काकू."

बाईंनी रॅडलीसाहेबांच्या नावासमोरच्या चौकटीत लिहिले, 'निमकहराम'. पेन्सिलीचे टोक मोडेपर्यंत दाबून लिहिले.

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. अशा शिव्यांच्या सात मतपत्रिका निघाल्या. सगळ्या माझ्याच पोटातल्या, सगळ्या त्याच चौकटीत.

"ही मतं बाद करा," ऑड्रीचा माणूस म्हणाला.

"खूण एकाच चौकटीत आहे, बाकी कोऱ्या आहेत. पसंती स्पष्ट आहे," निवडणूक अधिकारी म्हणाले.

"अहो, पसंती कसली? शिवी आहे ही!"

"असू दे की शिवी," साहेबांचा माणूस हसला. "घरच्या माणसाची आहे!"

ती सातही मते धरून रॅडलीसाहेब तीन मतांनी निवडून आले. छातीवरची फीत नीट करून त्यांनी 'आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल' सर्वांचे आभार मानले. माझा पत्रा तापला, पण मला कोण विचारतो?

रुग्णालयाला कुलूप लागले. स्टॅन त्याच हिवाळ्यात बसस्टॉपच्या बाकावरच वारला, शेजारी डोरीनबाई त्याची पिशवी धरून बसल्या होत्या. रिकाम्या इमारतीत नगरपालिकेने कोठार केले. आता पुरुषांच्या वॉर्डात, स्टॅनची खाट असायची त्या भिंतीशी, मी पडून असते.

मित्रांनो, मला नवा रंग नको की बिजागरीला तेल नको. माझ्यात टाकलेला राग कोणाच्या पारड्यात पडतो, तेवढे टाकण्याआधी बघत जा.

परवा पुन्हा मतदान झाले, मला पुसून केंद्रावर नेले. डोरीनबाई आल्या.

"मागच्या खेपेला चांगलंच फैलावर घेतलं होतं मी त्याला," त्या नॉर्मनला म्हणाल्या. "याही वेळी सोडत नाही."

त्यांनी पेन्सिल उचलली. मला ओरडावेसे वाटले. पण मला तोंड आहे ते फक्त गिळायला.