पपईच्या देठातला सूर

रावेरकडच्या एका गावात बेबाबाईने केळीच्या बागेतून नवऱ्याला, सुपडूला, जेवायला हाक मारली की आजूबाजूच्या शेतांतले गडीही हात धुऊन बसत. एकदा तर स्टेशनात उभी असलेली मालगाडी तिची हाक शिट्टी समजून अर्धे डबे मागे टाकून निघून गेली. हे ज्याला खोटं वाटेल त्याने मागे राहिलेल्या डब्यांना विचारावं.

अशा बाईचा आवाज ऐन श्रावणात बसला. मागच्या साली श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीच्या विसर्जनाला पोरांनी ट्रॅक्टरवर कर्णे बांधून कॅसेट लावली होती. बेबाबाई कसली हटते! नदीपर्यंत ती कर्ण्याशी गळा ताणून भांडली आणि जिंकली. तेव्हापासून गळा खरखरायला लागला. मग गळा मोकळा व्हावा म्हणून ती रोज पहाटे विहिरीच्या काठावर उभी राहून ओरडू लागली. मोकळा होण्याऐवजी तो फाटक्या सुपासारखा वाजू लागला.

त्यांच्या गल्लीत रीत होती, विसर्जनाच्या सकाळी कानबाईपुढे जिचं गाणं नदीपर्यंत टिकेल, पुढच्या सालीही तीच पुढे चालणार. बेबाबाईची जागा सासूकडून आलेली होती. धाकटी जाऊ शेवंताबाई त्या जागेकडे डोळे लावून बसली होती. ती मोठ्या मायेने म्हणाली, "अक्का, या साली तुम्ही नुसत्या चाला. गाणं मी पाहून घेईन."

बेबाबाई त्या रात्री जेवली नाही.

रावेरचा अमीन बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा आणि लग्नसराई संपली की ट्रकवर केळीचे घड चढवायचा. बागेत त्याने बेबाबाईचं बोलणं ऐकलं आणि हातातला घड खाली ठेवला.

"अक्का, जोरात फुंकलं ना, की बाजाच्या तोंडातली वेताची पत्ती फाटते," तो म्हणाला. "मग सूर नाही, नुसती हवा निघते. तुमची पत्ती अजून फाटली नाही. पण विहिरीवर ओरडणं आजपासून बंद."

त्याने पपईच्या पानाचा पोकळ देठ कापला, चीक धुऊन काढला, एक टोक लोटाभर पाण्यात बुडवलं आणि दुसरं तिच्या ओठांत दिलं. खांदे न उचलता पोटातून श्वास घ्यायचा आणि देठातून हळू गुणगुणायचं. बुडबुडे एकसारखे आले तर गळा सैल आहे, अडखळले तर कुठेतरी जोर लागतोय. ओठांना मुंग्या आल्या पाहिजेत, गळ्याला काहीच कळता कामा नये. बाकी वेळ गप्प राहायचं, कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्यानेही गळा घासतो.

बेबाबाई गप्प झाल्यावर घर इतकं शांत झालं की सुपडू आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो म्हणून दोनदा बाहेर जाऊन दार बघून आला. शेवंताबाईने गल्लीभर सांगितलं की अक्काने हुक्का धरला. बायका बघायला आल्या, तर बेबाबाईने लोटा पुढे करून त्यांनाही बुडबुडे काढायला लावले.

विसर्जनाच्या सकाळी ट्रॅक्टर मागे खडखडत होता आणि कर्णे कोकलत होते. बेबाबाईने जबडा सैल सोडला आणि नेहमीपेक्षा बराच खालचा सूर धरला. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या. शेवंताबाईने संधी साधून कर्ण्याच्या वरचा सूर पकडला आणि पुढे घुसली.

मारुतीच्या पारापाशी तिचा आवाज चिरकला आणि पुढे निघालाच नाही.

बेबाबाईचा सूर मात्र मधासारखा सरकत होता. इतकी वर्षं तिच्या उंच सुरापर्यंत कोणाला पोचताच येत नव्हतं, बायका नुसत्या टाळ्या वाजवत चालायच्या. आज तो सूर प्रत्येकीच्या गळ्यात बसला. आधी म्हाताऱ्या गाऊ लागल्या, मग सुना, मग सगळी गल्ली. त्या आवाजात कर्णे कुठे बुडाले कळलंच नाही. नदीच्या अलीकडेच ट्रॅक्टरवाल्याने कॅसेट बंद केली. पुढे ती कधीही लावली तरी तिच्यातून बेबाबाईच गात असे, म्हणून त्याने ती माळ्यावर टाकून दिली.

संध्याकाळी शेवंताबाई अंगणात येऊन कुजबुजली, "अक्का, एक देठ द्या ना."

"आधी कुजबुजणं सोड," बेबाबाई स्वच्छ आवाजात म्हणाली. पपईला एकच पान उरलं होतं, तेही तिने तोडून दिलं. "अन् लोटा तुह्या घरचा घे, बाई. माह्या लोट्याले आता एकट्याले गाता येते, तो तुह्यं ऐकणार नाही."