व्हर्नाच्या मापाची मूठ

व्हर्ना पिकेट रिव्हॉल्व्हर विकायला आली, त्या सौद्यात ऑरिनला मिळून मिळणार होते पस्तीस डॉलर, आणि काउंटरच्या पलीकडे ती वीसेक मिनिटं. पस्तीस डॉलर त्यानं हिशेबात धरले नसावेत. तिची गाडी दारात दिसताच तो आत जाऊन केस विंचरून आला. जे उरलेत तेवढे.

दुकान माझं. गल्ला मी सांभाळते, जुन्या मालाची किंमत ऑरिन ठरवतो. हात थरथरायला लागण्याआधी तो बंदुका घडवून, सजवून द्यायचा. आमच्या लुइसटाउन गावात तसा दुसरा कारागीर नव्हता.

"मुलीकडे चाललेय, टूसॉनला. कायमची," व्हर्नानं रिव्हॉल्व्हरवरचं फडकं सोडलं. "तिच्या घरात लहान मुलं आहेत, तिला हे नको. डेल्बर्टनं यावर नऊशे घातले होते. तुला सांगायला नको, कामाचे तूच घेतलेस."

डेल्बर्ट तिचा नवरा, गेल्या वसंतात वारला. बायकोला वाढदिवसाला द्यायचं म्हणून त्यानं हे नवंकोरं आणून ऑरिनकडे टाकलं, त्याला बावीस वर्षं झाली. ऑरिननं चाप लोण्यासारखा हलका केला, बाजूला आमच्या डोंगरातलं रानफूल, बिटररूट, कोरलं, आणि व्हर्नाच्या हाताबरहुकूम अक्रोडाची मूठ घडवली. अख्खा हिवाळा लागला. बिल लावलं एकाच आठवड्याच्या कामाचं.

ऑरिननं आत गोळी नाही ना ते पाहिलं, मग चाप दाबून पाहिला.

"साडेचारशे."

"आणि फुलाचे?"

"फुलानं कमी होतात. गिऱ्हाईक बंदुकीचे पैसे देतं, दुसऱ्याच्या हौसेचे नाही. त्यात ही एवढीशी मूठ. कुणाच्या हातात बसायची?"

"म्हणजे तुझ्या कामानं माझा माल पडला."

"पडला."

"व्हर्ना, नीट ऐकून घे," मी म्हटलं. "हा स्वतःला नावं ठेवतोय. पुन्हा ऐकायला मिळायचं नाही."

ऑरिननं माझ्याकडे पाहिलं नाही. "मूळचं लाकूड लावलं तर सातशेला जाईल."

"ते डेल्बर्टनं चुलीत घातलं असेल."

"त्यानं नेलंच नव्हतं." तो आत गेला आणि तंबाखूचा डबा घेऊन आला. मुठीच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या, कारखान्यातून आलेल्या दोन साध्या लाकडी पट्ट्या होत्या त्यात, एका करड्या हातमोज्यात गुंडाळलेल्या.

व्हर्नानं पट्ट्यांकडे पाहिलंही नाही. "हा माझा हातमोजा."

"मापाला आणला होता डेल्बर्टनं."

"दोन हिवाळे शोधत होते मी. कुत्र्यानं त्यापायी मार खाल्ला."

"द्यायचा राहिला."

"बावीस वर्षं?"

ऑरिन मुठीचा स्क्रू सोडवायला लागला. पेचकस खाचेतून सारखा निसटत होता. मी पुढे होणार, तेवढ्यात व्हर्नानं त्याचं मनगट धरलं.

"थांब. एकदा धरून बघते."

तिनं मूठ हातात घेतली. संधिवातानं पेरं सुजून वाकडी झालेली. बोटं लाकडाभोवती वळेनात. तिनं जोर केला, मग सोडून दिलं.

"आता मलाही नाही बसत. किंमत बरोबर केलीस तू."

ऑरिननं पेचकस पुन्हा लावला. तिनं मनगट धरून सोडल्यावर स्क्रू मात्र पहिल्या फटक्यात निघाला. साधं लाकूड चढलं. अक्रोडाच्या दोन पट्ट्या काउंटरवर राहिल्या.

"यांचं काय येईल?"

"काही नाही."

"सुट्या विकल्या तर?"

"सुटी पट्टी कोण घेतं?"

"बरं," म्हणत तिनं एक पट्टी पर्समध्ये टाकली आणि दुसरी त्याच्याकडे सरकवली. हातमोजा उचलला नाही. दारापाशी थांबली. "तिकडे बर्फ नसतो म्हणे."

"हाताला बरं," ऑरिन म्हणाला.

एवढंच. मला वाटलं होतं, आता तरी काही बोलेल. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो काउंटरची काच पुसत होता, आणि काच स्वच्छच होती.

शनिवारी विनेट गावच्या एका गुरांच्या डॉक्टरनं घासाघीस न करता रिव्हॉल्व्हर नेलं. सत्तर डॉलर दुकानाची दलाली. त्यातले निम्मे ऑरिनचे. "माझे तिच्या पैशांत घाल," तो म्हणाला. मी तसा चेक टूसॉनला धाडला.

गिऱ्हाइकानं दिले सातशे. डेल्बर्टनं त्या काळी नऊशे. हिवाळा दिला ऑरिननं.