मनगटाची खूण

“आई, कासरा सोड गं,” ज्योतीराम तिसऱ्यांदा म्हणाला. “बाजार भरला तिकडं. बैल इकायला चाललोय, कसायाला न्हाई.”

“मीबी येते.”

“बैलबाजारात? आगं, बाबा जाऊन तीन म्हैनं न्हाई झालं. लोकं काय म्हनतील?”

“लोकं म्हनाय लागली की मला हाक मार,” छबूबाई म्हणाली, आणि पदर घेऊन बैलाच्या मागोमाग चालू लागली.

ज्योतीरामला पिंपरीच्या नव्या कारखान्यात काम लागलं होतं. सोमवारी तो बायकोला घेऊन तिकडं बिऱ्हाड करणार. एवढीशी खोली, त्यात आईला कुठं ठेवायचं हे अजून ठरायचं होतं, पण बाशिंग्या बैलाचं ठरून गेलं होतं. छबूबाईनं त्याला विरोध केला नव्हता. तिला बाजारात बैलासाठी जायचंच नव्हतं. तिला गाठायचा होता भिमाजी दलाल.

चाकणच्या शनिवारच्या बाजारात तिचा नवरा मालोजी एकेचाळीस वर्षं जनावरांची दलाली करत होता. समोर भिमाजी. तोंडावर दोघांचा छत्तीसाचा आकडा. तो बैल दोन दाती म्हणाला, की हा चार दाती म्हणणार. पण एकदा का उपरण्याखाली हातात हात गेले, की बोटांनी भाव ठरायचा आणि भोवतीच्या शंभर माणसांना त्यातलं एक अक्षर कळायचं नाही.

ती बोटं मालोजीनं घरातही वापरली. नवी नवरी असताना सासूच्या देखत नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. छबूबाई पाण्याचा तांब्या पुढं करायची, आणि तांब्याआडून तो तिचं एक बोट दाबायचा. म्हणजे आज यायला उशीर. दोन बोटं म्हणजे जेवायला पाहुणा. तीन बोटं दाबली की बाजारातून रेवड्या येणार. पुढं सासू गेली, पोरींची लग्नं झाली, मोकळं बोलायची सोय झाली, तरी रेवड्यांची खूण काही गेली नाही. म्हातारपणी दात नव्हते, तर दोघं रेवड्या चघळत बसायची.

मग पौषात त्याचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला. तेवढ्यावरही छबूबाईनं बारा दिवस सगळं ओळखलं. फक्त शेवटचं ओळखलं नाही. तेच तिला दिवसरात्र खात होतं.

बाजारात फाल्गुनातलं ऊन नुसतं तापत होतं. कांद्याची टरफलं धुळीबरोबर उडत होती. भिमाजी लिंबाखाली तंबाखू मळत बसला होता. तिला पाहून तो उठलाच.

“वैनी? तुमी कशाला आला? ज्योतीनं सांगितलंय मला. मावळातलं गिऱ्हाईक येतंय आत्ता.”

“बैलाचं न्हाई भावजी. ह्यांचं इचारायचंय.” तिनं इकडंतिकडं पाहिलं. “जायच्या दिशी सकाळी ह्यांनी माझा हात मागितला. मला वाटलं, बोटं धरतील. तर मनगट धरलं. असं.” तिनं स्वतःचंच मनगट दुसऱ्या हातात घट्ट धरून दाखवलं. “मी पानी पाजाय गेले, तर मान हलवली. ज्योतीला बोलावलं, मानेनंच न्हाई म्हनले. पोरींची नावं घेतली, तरी न्हाईच. हात काय सोडला न्हाई. भावजी, मानूस कायतरी मागत व्हता आन मला येडीला कळलं न्हाई. घास उतरत न्हाई बगा नरड्याखाली.”

भिमाजीनं हातातली तंबाखू खाली टाकली.

“ही खूण बाजारात कुनाला ठावं न्हाई,” तो हळू म्हणाला. “आमा दोघांचीच हाय ती. कवा कवा एखांदा गडी पोटापायी बैल इकाय यायचा, पर त्याचा हात बैलाच्या पाठीवरनं निघायचा न्हाई. मालोजीला त्यो बराबर कळायचा. मंग उपरण्याखाली भाव सांगायचं सोडून त्यो माझं मनगट धरायचा. म्हंजी, भिमा, ह्यो सौदा मोड. ह्यांची ताटातूट करू नगंस. मग मी बैलाला कायतरी खोड लावायचो, गिऱ्हाईक पळायचं. दलाली दोघांचीबी बुडायची. लई शिव्या दिल्यात वैनी त्याला मी त्यापायी.”

छबूबाईला हुंदका आवरेना. ती लिंबाच्या बुंध्याला टेकली.

“म्हंजी त्यांना कायबी नगं व्हतं?”

“कायबी नगं व्हतं. त्यो सौदा मोडाय सांगत व्हता. पर वरच्याला आमची खूण कुठली ठावं असायला!” भिमाजीनं डोळ्याला उपरणं लावलं.

तेवढ्यात मावळचं गिऱ्हाईक आलं. त्यानं बैलाचे दात पाहिले, चालवून पाहिलं, खुरांवर वाकून पाहिलं. ज्योतीराम तावातावानं बैलाचे गुण सांगत होता. बोलता बोलता त्याचा डावा हात बाशिंग्याच्या वशिंडावर गेला आणि तिथंच राहिला. बैल पुढं सरकला तर हातही सरकला. छबूबाई पाहत होती. पोराला मात्र आपण काय करतोय याचा पत्ता नव्हता.

भिमाजीनं उपरणं पसरलं आणि गिऱ्हाइकाकडं हात केला. छबूबाई पुढं झाली. भर बाजारात, शंभर बाप्यांच्या देखत, तिनं उपरण्याखाली हात घातला आणि भिमाजीचं मनगट धरलं.

कुणीतरी “अगं बया!” म्हणालं.

भिमाजीनं तिच्याकडं पाहिलं, मग ज्योतीरामच्या हाताकडं पाहिलं.

“पावनं,” तो गिऱ्हाइकाला म्हणाला, “खरं सांगू का? बैल मारका हाय. मागल्या साली धन्याला उचलून टाकलंय. दुसरा दावतो, चला.”

गिऱ्हाईक गेलं. ज्योतीराम परतताना वाटभर आईवर, भिमाजीवर, दोघांच्या म्हातारचळावर तोंडसुख घेत होता. पण कासरा त्यानं ढिला सोडला होता आणि घरी आल्यावर न सांगता बैलाला धुतलं.

“आता ह्याला बगनार कोन?” त्यानं विचारलं.

“मी हाय की. मला तरी कोन हाय?”

सोमवारी छबूबाई एसटीपर्यंत पोचवायला गेली. सून वळकटी घेऊन आत बसली होती. ज्योतीराम पाया पडला, दांड्याला धरून पायरीवर चढला. गाडी सुरू झाली होती. छबूबाईनं हात वर केला आणि त्याचं मनगट धरलं, घट्ट.

“काय गं?” तो खाली वाकला. “काय पायजे? बोल की लवकर. पिंपरीवरनं काय आनू?”

ती त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली. मागून कंडक्टर ओरडला.

“काय नगं,” ती म्हणाली, आणि तिनं हात सोडला.