यादीतलं पाचवं पुस्तक

दुपारी सव्वातीनला लेखिकेनं हातातलं पुस्तक मिटलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेवटची चार पानं राहिली होती, पण ती वाचायची गरज नव्हती. खुनी कोण हे तिला ठाऊक होतं. दीड वर्ष तिनं त्याच खुन्याबरोबर काढलं होतं.

पुस्तक दुसऱ्याचं होतं. तिचं स्वतःचं शुक्रवारी बाहेर येणार होतं.

दोन्ही कादंबऱ्यांत खुनाला एकच साक्षीदार, आणि त्याला ऐकू-बोलू येत नाही. दोन्हींत पोलीस त्याची साक्ष घ्यायला खुणांची भाषा जाणणारा दुभाषी बोलावतात. साक्षीदार त्या दुभाष्याकडेच बोट दाखवून, हातवारे करून करून सांगतो की खून यानंच केलाय, आणि दुभाषी शांतपणे पोलिसांना म्हणतो, "विचारतोय, पाणी मिळेल का." त्या पुस्तकात साक्षीदार शिंपी होता, तिच्यात इस्त्रीवाली म्हातारी. बाकी पाण्याचं वाक्यसुद्धा तेच.

पुस्तक तीन वर्षांपूर्वीचं होतं. लिहिणारा कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवायचा, आणि हे त्याचं पहिलंच. शुक्रवारआधीच्या रविवारी निघणाऱ्या वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी 'लेखकांचा उन्हाळा' या पानावर पाच पुस्तकं सुचवायची होती. चार लिहून झाली होती: एक प्रवासवर्णन, एक चरित्र, दोन जुन्या कादंबऱ्या. पाचवं कुणा नव्या माणसाचं असावं म्हणून तिनं ढिगातून हे उचललं, आणि चांगलं निघालं म्हणून एका बैठकीत वाचत सुटली. मजकूर पाचला द्यायचा होता.

लिहिणं चालू असताना ती रहस्यकथा वाचत नसे. ते काम ताईचं. ताई म्हणजे थोरली बहीण, औषधांच्या दुकानात आयुष्य घालवून निवृत्त झालेली. निघेल ती रहस्यकथा ताई वाचायची आणि सकाळच्या चहाला, दुकानात एखादं औषध संपल्याचं सांगावं तशा सुरात सांगायची, "विहीर गेली. जुळे भाऊ गेले. डॉक्टर केव्हाच गेला, त्याच्या नादी लागू नकोस." गेलं म्हणजे दुसऱ्या कुणी वापरलं. ताईनं 'गेलं' म्हटलं की लेखिका ती वाट सोडून द्यायची. बारा पुस्तकं अशीच झाली, कुणाला बोट दाखवायला जागा मिळाली नाही.

तेराव्याच्या वेळी ताईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. कित्येक आठवडे वाचायला बंदी. पडल्या पडल्या कानाला लावून ती फोनवर पुस्तकं ऐकायची, निम्मी झोपेत. आणि एका सकाळी, काळा चष्मा लावूनच चहाला येऊन म्हणाली, "मला एक सुचलंय. हसू नकोस. दुभाषीच खुनी असला तर? मुका साक्षीदार त्याच्याकडे बोट दाखवतो, आणि हा पोलिसांना सांगतो, पाणी मिळेल का विचारतोय."

लेखिका हसली नव्हती. तिनं चहा तसाच टाकून टेबल गाठलं होतं. कादंबरीच्या पहिल्या पानावर आता छापलं होतं, 'शेवट ताईचा.' ताईनं ते पान शेजारच्यांना, डोळ्यांच्या डॉक्टरांना, जुन्या दुकानातल्या सगळ्यांना दाखवलं होतं. शेवट काय आहे ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

लेखिका पुस्तक घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. ताई शुक्रवारच्या प्रकाशनाला नेसायच्या साडीला इस्त्री करत होती.

"ताई, इस्त्री बंद कर आधी."

"का? तुझ्या म्हातारीसारखा मला खून दिसणार आहे का?"

लेखिकेनं पान उघडून पुढं धरलं. ताईनं उभ्यानंच वाचलं. ओठ हलत होते. पाण्याच्या वाक्यापाशी थांबले.

"चोर मेला," ती म्हणाली. "आपलं उचललं यानं."

"आपलं अजून बाहेर यायचंय. याचं तीन वर्षांपूर्वी आलंय."

"मी हे वाचलेलं नाही. अगं, या माणसाचं नावसुद्धा मला माहीत नाही. हातात धरलं असतं तर मी 'गेलं' म्हटलं नसतं का?"

"हातात धरलं नसशील. डोळे बांधले होते तेव्हा ऐकलं असशील. हे ऐकायलाही मिळतं, मागे छापलंय बघ."

ताई खुर्चीवर बसली. साडीची एक बाजू टेबलावरून खाली लोंबत होती, ती तिनं सवयीनं वर घेतली.

"म्हणजे साठ वर्षांत मला एक गोष्ट सुचली, तीही मला सुचली नाही म्हणतेस."

"मला तसं म्हणायचं नाहीये."

"पण म्हणालीस."

लेखिकेनं पुस्तक मिटलं. ती टेबलाशी परतली आणि पाचव्या पुस्तकाबद्दल जे वाटलं ते लिहून काढलं: भाषा स्वच्छ आहे, शिंप्याचं दुकान डोळ्यांपुढे उभं राहतं, शंभर पानांत हा माणूस एकदाही उगाच घाबरवत नाही. मग खाली लिहिलं, 'या पुस्तकाचा शेवट आणि शुक्रवारी येणाऱ्या माझ्या कादंबरीचा शेवट एकच आहे. आधीचा यांचा. माझ्याकडे तो कसा आला हे मी शोधते आहे, पण तो माझा नाही.'

ताई मागे येऊन उभी होती.

"'माझा नाही' लिहिलंस, म्हणजे माझाही नाही."

"तुझं नाव कुठं घातलंय मी?"

"पुस्तकाच्या पहिल्या पानावर घातलंयस की. लोकांना वाचता येतं." तिनं टेबलावरचं पुस्तक उचलून मागची बाजू पाहिली. "मी ऐकून बघते. ऐकलेलं असलं तर वाचणाऱ्याचा आवाज ओळखेन. दुकानात फोनवर नुसता आवाज आला तरी कुणाची आई कुठल्या गोळ्या मागतेय ते मला कळायचं. माझं ऐकून होईपर्यंत थांब."

"पाचला द्यायचंय ताई. पान थांबत नाही."

"पान थांबत नाही, बहिणीनं थांबावं. बरं."

"तू ऐकलेलं असो वा नसो, त्याचं आधी आलंय. ते बदलत नाही ना?"

ताईनं फोन आणि कानात घालायच्या वायरी घेतल्या. खिडकीजवळच्या आरामखुर्चीत जाऊन तिनं डोळे मिटले.

पाचला पाच कमी असताना लेखिकेनं मजकूर पाठवला. दहा मिनिटांत पुरवणीच्या संपादिकेचा फोन आला. वयानं लहान, लेखिकेची सगळी पुस्तकं वाचलेली.

"मॅडम, तुम्ही खरंच हे छापायला सांगताय? चार पुस्तकं पुरेत. जागा मी भरून काढते. हे पुस्तक कुणाच्या लक्षातही नाही हो."

"माझ्या आहे ना."

"शुक्रवार झाल्यावर लिहिलंत तर?"

"मग कुणीतरी पकडलं म्हणून लिहिलं असं होईल. असू दे तसंच. स्वल्पविराम हलवायचा असेल तर हलव."

नंतर तिनं स्वतःच प्रकाशकाला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. प्रती दुकानांत पोचल्या होत्या, आणि तिथल्या प्रत्येक जाहिरातीच्या फलकावर 'शेवट कुणालाही सांगू नका' असं त्यानंच मोठ्या हौसेनं छापून घेतलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "मी लोकांना सांगतोय सांगू नका, आणि तुम्ही पेपरात सांगताय."

"शेवट काय ते नाही सांगितलं. कुणाचा ते सांगितलंय."

"वकिलांशी बोलतो. शुक्रवारचं काय ते उद्या सकाळी कळवतो." त्यानं फोन ठेवला.

भूगोलाच्या शिक्षकाचा पत्ता पुस्तकात नव्हता. त्याच्या प्रकाशकाच्या नंबरावर लेखिकेनं तीनदा फोन लावला. उचलला गेला नाही.

साडेसहानंतर संपादिकेचा निरोप आला: पान छपाईला गेलं, सगळी वाक्यं आहेत. लेखिका तो वाचून बाहेर आली. इस्त्री थंड झाली होती, साडीची घडी अर्धवट होती. ताई खिडकीशी तशीच बसली होती. मांडीवरच्या फोनवर पाचवं प्रकरण चालू होतं. शिंप्याची साक्ष सातव्यात आहे.

"चहा टाकू का?" लेखिकेनं विचारलं.

ताईनं डोळे न उघडता हात वर केला, थांब म्हणून. आवाज ओळखीचा आहे की नाही, हे तिनं अजून सांगितलेलं नाही.