आठ तासांची झोप

मालवाहू विमान चालवणाऱ्याचं घर कसं असतं, ते त्याला नव्हे, त्याच्या घरच्यांना विचारावं. रात्रभर लोकांची पार्सलं वाहायची आणि जग कामाला लागलं की पडदे ओढून आडवं व्हायचं, यात कॅप्टनची अठरा वर्षं गेली होती. तो झोपला की दाराची बेल बंद, फोन मुके, मिक्सरला हात लावायचा नाही. बायको नोकरीवर जायची. दिवसभर घरात त्याची म्हातारी आई. खोकला आला तर ती उशीत तोंड खुपसायची. आमच्याकडे पालसुद्धा परवानगी घेऊन चुकचुकते, असं ती शेजारणीला सांगायची, आणि त्यात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त असायचं.

एवढं करून मेली झोप काही येत नसे. तीन तास डोळा लागला तरी नशीब. त्या दिवशी मात्र सकाळी आठला पडला तो ढाराढूर झोपला, आणि चारच्या गजरालाच उठला. कित्येक महिन्यांनी डोकं हलकं वाटत होतं. आईला हे सांगावं म्हणून तो तिच्या खोलीत गेला, तर ती तिथे नव्हती.

ती बाथरूमच्या फरशीवर पडली होती. नऊ वाजता पाय घसरला होता. त्याच्या उशाची भिंत तीच बाथरूमची भिंत.

"आई, हाक का नाही मारलीस?"

"रात्री तुला उडायचंय ना," ती पुटपुटली. "म्हटलं, चारला उठशीलच."

खुब्याचं हाड मोडलंय, असं इस्पितळात डॉक्टर म्हणाले. पण खरी काळजी मूत्रपिंडांची होती. आई सात तास तशीच पडून राहिल्याने मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. लवकर आणायला हवं होतं, असंही ते म्हणाले. कॅप्टनला स्वतःच्या झोपेची किळस आली.

उड्डाणाआधी वैमानिकाला झोपेचे तास विचारून लिहून ठेवायचे, असा कंपनीचा नियम होता. तीन तास झोपलेला सात सांगायचा. सगळेच सांगायचे, तोही. सहा वाजता ड्यूटी लावणाऱ्या बाईंचा फोन आला, तेव्हा आईला अतिदक्षता विभागात नेलं होतं.

"झोप किती झाली, कॅप्टन?"

"आठ तास," तो म्हणाला. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याने खरा आकडा सांगितला होता. "एकदाही जाग आली नाही. पण आज मी उडणार नाही."

मग कारण काय लिहू, असं बाईंनी विचारलं. "झोपच लिहा," तो म्हणाला.