गाठ खालच्या अंगाला

इंजिनिअरिंगला मटेरियल्सच्या पेपरात ताई नापास झाली, तिचं वर्ष गेलं आणि पाठची बहीण तिच्याच वर्गात येऊन बसली. तेवढ्यावर भागलं असतं, तर ताईने तेही गोड मानून घेतलं असतं. पण धाकटीला नेमका तोच विषय पाण्यासारखा सोपा जायचा. "अगं, तिच्याकडून समजून घे ना," असं आई सहज म्हणाली, तरी ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या सत्रात सरांनी सगळ्यांना एकाच मापाची लाकडी पट्टी दिली. ती तासून तुळई करायची, दोन टेकूंवर आडवी ठेवायची आणि मधोमध वजनं लटकवायची. जी जास्त पेलेल ती पहिली. ताई इरेला पेटली. हाताला फोड आले तरी तासत राहिली.

चाचणीत तिच्या तुळईने सगळ्यांना मागे टाकलं. उरली एकट्या धाकटीची. तिने तुळई टेकूंवर ठेवली आणि ताईला दिसलं, मध्यावर लाकडात गाठ होती आणि ती खालच्या अंगाला आली होती. तुळई वाकली की वरचं अंग दाबलं जातं, खालचं ताणलं जातं. दाब गाठ सोसते, ताणाला दगा देते. पट्टी नुसती उलटी केली असती तरी भागलं असतं.

"ताई, बरोबर ठेवलीय ना गं?"

"मला काय विचारतेस? हुशार तू."

वजनं चढत गेली. तुळई किती वाकतेय ते बघायला धाकटी खाली झुकली, तोच कडकन आवाज झाला. ताईने तिला दंडाला धरून मागे खेचलं. वजनं धाडकन फरशीवर आदळली.

"गाठीपाशीच का तुटली?" सरांनी विचारलं. धाकटी गांगरली. उत्तर ताईच्या तोंडून निघून गेलं.

"शाबास!" सर म्हणाले. या एका शब्दासाठी ती झुरत होती, आणि आता तोच घशाखाली उतरेना.

वाटेत धाकटी म्हणाली, "तुला आधीच दिसलं होतं."

"हो. तू हरावीस असं वाटत होतं."

धाकटी झपझप पुढे निघून गेली. घरी जेवताना मात्र म्हणाली, "ताईला सगळं येतं गं आई. फक्त तोंड उघडायला उशीर होतो." आई कौतुकाने हसली. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी ती सरांसमोर उभी राहिली. "सर, तिची पट्टी उलटी होती. मी मुद्दाम बोलले नाही. तिला परत संधी द्या."

"तुझा पहिला नंबर जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली खरी, पण जीव तीळ तीळ तुटत होता.

धाकटीने नवी तुळई केली. या वेळी ती चारी बाजूंनी निरखूनच टेकूंवर चढवली. वजनं ताईच्या आकड्याला भिडली, मग पुढे गेली. वर्गाने टाळ्या पिटल्या.

"अजून एक लावू?" धाकटीने तिलाच विचारलं.

ताईने वाकून तुळई खालून नीट पाहिली. "लाव. पेलेल."

तिचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला होता. धाकटीला हसू आवरेना.